बारा पाकिटं आणि एक उद्धट शहर

२००६ साली 'रीडर्स डायजेस्ट' मासिकानं जगातल्या ३५ शहरांची सभ्यतेची परीक्षा घेतली आणि मुंबई शेवटून पहिली आली. न्यूयॉर्कला सर्वांत जास्त, ८० टक्के. मुंबईला ३२. आपल्या बोर्डाच्या हिशेबानं पासिंगला तीन मार्क कमी, आणि ग्रेस द्यायची सोय नव्हती.

पुण्या-नागपूरकडच्या मंडळींना यात नवल वाटलं नसणार. मुंबईचा माणूस 'एकदा या घरी' म्हणतो, पण कधी ते सांगत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकतोच. त्याच सुरात पुणेकर खोचक, कोल्हापूरकर रांगडा, नागपूरकर ऐसपैस, कोकणी माणूस फणसासारखा आणि गोंयकार सुशेगाद. लग्नाच्या पंगतीत या यादीवर अर्धा तास सहज जातो. आता प्रत्यक्ष मासिकानंच मोजून सांगितलं म्हटल्यावर प्रश्नच मिटला.

पण मोजलं काय? चाचण्या तीन होत्या. पुढे चाललेला माणूस मागच्यासाठी दार धरून ठेवतो का. दुकानदार खरेदीनंतर 'थँक यू' म्हणतो का. रस्त्यात कुणाच्या हातचे कागद पडले तर लोक उचलून देतात का. यातली तिसरी कसोटी कुठेही चालेल. पहिल्या दोन मात्र जरा बघा. आपल्या वाण्याच्या दुकानाला दार असतं कुठे? सकाळी शटर वर जातं, रात्री खाली येतं. सर्वेक्षणवाल्यांनी दारं असलेल्या इमारतीच निवडल्या असतील, पण दार धरण्याची सवय अशा गावात लागायची कशी? आणि गिऱ्हाइकाला 'थँक यू' म्हणणारा वाणी भेटला, तर मला तरी आधी बिल तपासावंसं वाटेल. त्याचा सभ्यपणा वेगळ्या वाक्यात असतो: 'सुटे नाहीत? राहू द्या, उद्या द्या.' त्याला या परीक्षेत एकही मार्क नव्हता. आपल्याला जे मोजायचं आहे तेच ही पट्टी मोजते आहे ना, या प्रश्नाला मानसशास्त्रात 'वैधता' म्हणतात. परीक्षा कितीही काटेकोर घेतली तरी वैधता आपोआप येत नाही.

या निकालाच्या वर्षभर आधी, २६ जुलै २००५ला, सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. रात्रभर लाखो माणसं रुळांवरून, हायवेवरून कमरेएवढ्या पाण्यातून घरी चालत होती. वाटेतल्या चाळींनी आणि झोपड्यांनी अनोळखी लोकांना चहा दिला, बिस्किटं दिली, रात्रीपुरतं घरात घेतलं. तेच शहर, तीच माणसं.

याहून मजेची गोष्ट २०१३मधली. त्याच मासिकानं या वेळी १६ शहरांत प्रत्येकी १२ पाकिटं मुद्दाम 'हरवली'. आत थोडे पैसे, कुटुंबाचा फोटो आणि एक फोन नंबर. हेलसिंकीत १२पैकी ११ परत आली. दुसरा नंबर मुंबईचा: ९ पाकिटं. २००६मध्ये सभ्यतेत दुसरं आलेलं स्वित्झर्लंडचं झुरिक इथे चारवर अडकलं.

मुंबईकरांनी कॉलर ताठ करण्याआधी थांबावं. बारा ही संख्या फारच लहान आहे. साधं नाणं १२ वेळा उडवलं, तर ९ किंवा त्याहून जास्त वेळा छापा पडण्याची शक्यता सुमारे सात टक्के असते. म्हणजे चौदा जणांनी हा खेळ केला तर त्यातल्या एकाला हे नुसत्या नशिबानं साधेल. संख्याशास्त्राच्या रूढ हिशेबानं, १२पैकी ९ परत आली यावरून एवढंच म्हणता येतं, की पाकीट परत करण्याचा मुंबईचा खरा दर ४३ ते ९५ टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी असावा. एवढ्या रुंद दारातून अख्खं कौतुक आणि अख्खी बदनामी शेजारी शेजारी निघून जाईल. २०१९ साली 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या अभ्यासात ४० देशांतल्या ३५५ शहरांत १७,३०३ पाकिटं वापरली होती. ती रस्त्यात न टाकता बँका, हॉटेलं, पोस्ट अशा ठिकाणच्या कर्मचाऱ्यांकडे 'सापडलं' म्हणून दिली होती. तिथे स्वित्झर्लंड अगदी वरच्या देशांत आहे. झुरिकची अब्रू वाचली. (पाकिटात पैसे जास्त असतील तर ते परत येण्याची शक्यता वाढते, असंही या अभ्यासात दिसलं. सामान्य लोकांचा अंदाज नेमका उलटा होता, आणि अर्थतज्ज्ञांनाही हे ओळखता आलं नव्हतं.)

आणि न्यूयॉर्क? रॉबर्ट लेव्हिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९९४मध्ये अमेरिकेतल्या ३६ शहरांत परक्या माणसाला किती मदत मिळते ते तपासलं, त्यात न्यूयॉर्क शेवटी होतं. पुढे त्यानं जगातली २३ शहरं घेतली. पडलेलं पेन हाक मारून देणं, पाय दुखावलेल्या माणसाला खाली पडलेली मासिकं उचलू लागणं, अंध व्यक्तीला रस्ता ओलांडायला मदत करणं, अशा कसोट्या होत्या. त्यात न्यूयॉर्क शेवटून दुसरं. पहिलं आलेलं रिओ पाकिटांच्या खेळात मात्र चारच पाकिटं परत करू शकलं.

अमेरिकी शहरांच्या अभ्यासात लेव्हिनला मदतीचा सर्वांत जवळचा संबंध दिसला तो गर्दीशी. वस्ती जितकी दाट, तितकी मदत कमी. मानसशास्त्रज्ञ स्टॅनली मिलग्रमनं १९७०मध्येच याचं कारण सुचवलं होतं: शहरात मेंदूवर चेहरे, आवाज, मागण्या यांचा इतका मारा होतो, की माणूस लक्ष वाटून वाटून द्यायला लागतो आणि परक्याच्या वाट्याला शेवटचा चमचा येतो. म्हणजे तुसडेपणा माणसात नसून त्याच्या भोवतालात असू शकतो. न्यूयॉर्कच्या माणसाला लहान गावात नेऊन सोडलं तर तोही थांबून पत्ता सांगेल. तरीही गर्दी हे सगळ्याचं उत्तर नव्हे, कारण त्या २३ शहरांत कोलकाता चौथं होतं.

मुंबईच्या लोकलमध्ये गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं उभी असतात. तिथे धक्का लागल्यावर 'सॉरी' म्हणायचं ठरवलं तर कुर्ला ते दादर दुसरं काही बोलताच येणार नाही. पण तिथेच तीन जणांच्या बाकावर 'जरा सरका' म्हटलं की चौथ्याला टेकण्यापुरती जागा मिळते, आणि धावत येणाऱ्याला दारातले हात आत ओढून घेतात.

वागणूक तीच असली तरी तिचं नाव गावाप्रमाणे बदलतं. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवलं की पुण्यात त्यावर विनोद होतात: गिऱ्हाइकाची किंमत नाही, माज आहे. गोव्यात तेच केलं की सुशेगाद. हा शब्द पोर्तुगीज 'सोसेगादो' म्हणजे निवांत, शांत यावरून आलेला. स्पेनमध्ये केलं तर ती सिएस्ता, म्हणजे थेट संस्कृती. ऊन तिन्हीकडे असतं, दुकानदार तिन्हीकडे जेवून आडवा होतो. आपण मात्र कृती पाहून स्वभाव ठरवत नाही. आधी ठरवलेल्या स्वभावात कृती बसवतो.

आठवणही यात साथ देते. १९७६मध्ये डेव्हिड हॅमिल्टन आणि रॉबर्ट गिफर्ड या मानसशास्त्रज्ञांनी एक सुंदर प्रयोग केला. 'अ' आणि 'ब' अशा दोन काल्पनिक गटांतल्या माणसांबद्दल लोकांना ३९ वाक्यं वाचायला दिली: 'अ'बद्दल २६, 'ब'बद्दल १३. चांगल्या-वाईट वर्तनाचं प्रमाण दोन्ही गटांत हुबेहूब तेच, नऊला चार. तरी वाचणाऱ्यांना लहान गटच जास्त वाईट वाटला. दुर्मिळ माणसानं केलेली दुर्मिळ गोष्ट डोक्यात चिकटून बसते. आयुष्यात भेटलेल्या चार कोल्हापूरकरांपैकी एक भांडला की गावाचा स्वभाव ठरला. स्वतःच्या गावात रोज भांडणारा माणूस मात्र 'तो तसाच आहे' यावर सुटतो.

मग या समजुतींत काहीच तथ्य नाही? राष्ट्रांच्या पातळीवर उत्तर जवळजवळ 'नाही' असंच आहे. अँटोनियो टेराचिआनो, रॉबर्ट मॅक्रे आणि सहकाऱ्यांनी २००५मध्ये ४९ संस्कृतींतल्या सुमारे चार हजार लोकांना विचारलं, तुमच्याकडचा टिपिकल माणूस कसा असतो? ही उत्तरं त्यांनी प्रत्यक्ष व्यक्तिमत्त्व चाचण्यांच्या सरासरीशी ताडून पाहिली. दोन्हींचा मेळ जवळपास शून्य निघाला. लोक स्वतःच्या देशाबद्दलच चुकत होते. कॅनडावाले स्वतःला मवाळ समजतात, अमेरिकी स्वतःला आक्रमक; चाचणीत दोघे जवळपास सारखेच.

पण भूभागानुसार माणसं अजिबात बदलत नाहीत, असंही नाही. मानसशास्त्रज्ञ थॉमस टॅलहेम यांनी २०१४मध्ये दाखवलं, की चीनच्या भातपिकवत्या दक्षिणेतले विद्यार्थी गहूपिकवत्या उत्तरेतल्या विद्यार्थ्यांपेक्षा गोष्टींमधल्या नात्यांचा जास्त विचार करतात. शंका रास्त होती: उत्तर-दक्षिणेत हवामानापासून इतिहासापर्यंत सगळंच वेगळं आहे. म्हणून २०२४मध्ये त्यांनी निंग्शिया भागातली दोन सरकारी शेतं घेतली. अंतर फक्त ५६ किलोमीटर, एकात भात, दुसऱ्यात गहू, आणि कोण कुठे जाणार हे सरकारनं ठरवलेलं, शेतकऱ्यांनी नव्हे. तरी फरक त्याच दिशेनं दिसला. भाताला पाणी वाटून घ्यावं लागतं, लावणीला दुसऱ्याचे हात लागतात, असा त्यामागचा तर्क.

हे वाचून कोकण आणि देश अशी रेघ ओढण्याचा मोह होतो. मलाही झाला. भात लावणीला सावड घालणारं कोकण आणि ज्वारी-बाजरीचा देश, किती छान बसतं! पण मग देशावरची इर्जिक कुठे ठेवायची? एकमेकांच्या रानात बैल-औत घेऊन जाणारे ते शेतकरी भात लावत नव्हते.

शिवाय असे फरक सरासरीचे असतात. समजा एका गावात दर शंभरात ३० माणसं तिखट जिभेची आहेत आणि दुसऱ्यात २०. अभ्यासकासाठी हा मोठा शोध. पण पहिल्या गावातही ७० जण तुमच्याशी गोडच बोलतील, आणि सून किंवा जावई पाहायला गेलेल्याला गावाच्या नावावरून काही कळणार नाही.

त्या पाकिटांत सर्वांत खाली लिस्बन होतं. बारापैकी एकच पाकीट परत आलं. ते परत करणारं जोडपं नेदरलँड्सहून फिरायला आलेलं होतं.