पक्ष्याच्या पायातला वाळा

हुपरीत तान्ह्या बाळाचा वाळा घडवताना कारागीर दोन गोष्टी सांभाळतो. वाळा पायात सहज फिरला पाहिजे आणि टाचेवरून निसटता कामा नये. रानपक्ष्याच्या पायात घालायच्या ॲल्युमिनियमच्या कड्यालाही याच दोन अटी आहेत. फरक वजनाचा. हिवाळ्यात झाडांच्या शेंड्यांत किडे टिपत फिरणारा हिरवट पर्णवटवट्या जेमतेम सात-आठ ग्रॅमचा असतो. त्याचं कडं ग्रॅमच्या विसाव्या भागाइतकं, म्हणजे आजऱ्याच्या घनसाळ तांदळाचे चारेक दाणे. एवढ्याशा पट्टीवर दोनच गोष्टी कोरलेल्या असतात: एक क्रमांक, आणि पक्षी सापडल्यास कुणाला कळवायचं त्या संस्थेचं नाव. भारतातल्या कड्यांवर ते नाव असतं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं.

15 सप्टेंबर 1883 रोजी मुंबईत आठ जणांनी ही संस्था सुरू केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे भारतीय होते. पक्ष्यांना कडी घालण्याचं काम संस्थेने 1927 मध्ये हाती घेतलं. मूळ कल्पना डेन्मार्कच्या मॉर्टेन्सन या शिक्षकाची. त्याने आधी जस्ताची कडी करून पाहिली, पण ती पक्ष्यांना जड झाली. मग 1899 मध्ये ॲल्युमिनियमची हलकी, क्रमांकाची कडी त्याने साळुंकीच्या कुळातल्या पक्ष्यांना घातली आणि ती टिकली.

आपल्याकडे या कामाला मोठा जोर आला तो एका रोगामुळे. 1957 मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा भागात माकडं मरू लागली, माणसं तापाने फणफणली. हाच क्यासनूरचा ताप, सिंधुदुर्गात दोडामार्गकडे लोक ज्याला माकडताप म्हणतात तो. त्याचा विषाणू रशियातल्या गोचिडीच्या तापाच्या विषाणूशी मिळताजुळता निघाला. तेव्हा उत्तरेकडून येणारे पक्षीच अंगावरच्या गोचिडींतून तो आणतात का, हा प्रश्न उभा राहिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने डॉ. सालिम अलींच्या देखरेखीखाली देशभर पक्षी पकडून कडी घालण्याची मोहीम निघाली. पक्ष्यांनी रोग आणल्याचं सिद्ध झालं नाही. पण कोणता पक्षी कुठून येतो, याची पहिली भक्कम माहिती त्याच मोहिमेतून मिळाली.

आता प्रत्यक्ष काम. लहान पक्ष्यांसाठी मिस्ट नेट लावतात. काळ्या बारीक धाग्याचं, साधारण बारा मीटर लांब आणि अडीच-तीन मीटर उंच जाळं दोन काठ्यांमध्ये ताणायचं. चार-पाच आडव्या दोऱ्यांमुळे त्याला सैल खोळी पडतात. पक्षी जाळ्यावर आदळतो आणि खोळीत अलगद पडतो. जाळं फार ताणलं तर खोळ उरत नाही, पक्षी उसळून निघून जातो. वटवट्यांसाठी सोळा मिलिमीटरचा डोळा, म्हणजे जाळ्याचं भोक, चालतो. त्याच जाळ्यात कबुतराएवढा पक्षी अडकत नाही. उलट मोठ्या डोळ्यात लहान पक्ष्याचा पंख खांद्यापर्यंत शिरतो आणि इजा होते. पावसात, जोराच्या वाऱ्यात, भर उन्हात जाळं उघडं ठेवायचं नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी फेरी मारायची. ही फेरी चुकली की पक्षी थकून किंवा उन्हाने मरतो, आणि मुंगूस-मांजरं टपलेली असतातच.

बदकांसाठी हे जाळं कामाचं नाही. तिथे बिहारच्या मीरशिकार समाजाचं पिढीजात कसब उपयोगी पडलं. कोणत्या चिखलात, कोणत्या वाटेने पाणपक्षी चालेल हे ओळखून फासे आणि झडपेची जाळी लावणाऱ्या या जाणकारांचा संस्थेच्या कामात मोठा वाटा आहे. शास्त्रज्ञांइतकंच श्रेय त्यांनाही द्यायला हवं.

पक्षी सोडवताना तो जाळ्यात कोणत्या बाजूने शिरला हे आधी बघायचं आणि त्याच बाजूने काढायचा. बहुधा पाय आधी मोकळे करतात. जिभेवरच्या मागे वळलेल्या काट्यांत धागा अडकला असेल तर ओढायचा नाही, हलकेच पुढे सरकवून सोडवायचा. पक्ष्याची मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात, पाठ तळव्याला, छातीवर दाब शून्य. माणसाला श्वास घेताना जसा छातीच्या पडद्याचा आधार असतो तसा पक्ष्याला नसतो. त्याची छाती हलली तरच हवा आत जाते. घट्ट धरलेला पक्षी म्हणूनच गुदमरतो. मग सुती पिशवीत घालून वजन करायचं आणि रिकाम्या पिशवीचं वजन वजा करायचं. पंखाची लांबी पट्टीने, चोच आणि पाय व्हर्नियर कॅलिपरने मोजायचे. गळ्याखालच्या खळगीवर फुंकर मारली की पिसं बाजूला होतात आणि कातडीखालची पिवळसर चरबी दिसते. प्रवासाची शिदोरी किती बांधली आहे, ते त्यावरून कळतं.

कडं खास पकडीने मिटवतात. दोन्ही टोकं नेमकी भिडली पाहिजेत. फट राहिली तर त्यात गवत, दोरा, मांजा अडकतो. टोक टोकावर चढलं तर आतली कड पाय कापते. कडं मोठं झालं तर बोटांवर घसरून पंजा आवळतं. ढोकसारखे करकोचे उष्म्यात पायांवर विष्ठा सोडून अंग गार करतात; नळीवरच्या कड्यात ती साचून घट्ट होते आणि जखम करते. अमेरिकेतल्या गिधाडांचंही तेच, म्हणून त्यांना पंखावरचा बिल्ला बरा. खाऱ्या पाण्यातल्या पक्ष्यांत ॲल्युमिनियम झिजून अंक पुसले जातात, तिथे अधिक टणक मिश्रधातू लागतो. पाठीवर उपग्रह-यंत्र बसवायचं तर ते शरीराच्या वजनाच्या तीन टक्क्यांच्या आत ठेवायचा संकेत आहे. म्हणजे पाच ग्रॅमच्या यंत्रासाठी पक्षी किमान 170 ग्रॅमचा हवा. यातलं काहीही घरी करून बघायचं नाही. वन विभागाच्या परवानगीशिवाय रानपक्षी पकडणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

इतकं करून कड्यांतली फार थोडी पुन्हा हाती लागतात. लहान पक्ष्यांत शंभरातलं एक मिळणंही कठीण. म्हणून ज्याला कडं दिसेल त्याच्यावर सगळी भिस्त असते, मग तो पंचगंगेकाठचा मासेमार असो की शिरोळचा ऊसतोड कामगार.

कोल्हापुरात आधी एक गल्लत टाळावी लागते. इथे कबुतरं पाळणारे पुष्कळ. शर्यतीच्या कबुतराचं कडं सलग असतं, त्याला जोड नसतो, कारण ते पिल्लू काही दिवसांचं असतानाच पंजावरून सरकवलेलं असतं. रानपक्ष्याच्या कड्याला जोड असतो आणि त्यावर संस्थेचं नाव असतं. पक्षी जिवंत असेल तर कडं काढू नये. मजकूर कड्याभोवती गोल फिरलेला असतो, म्हणून पाय किंचित फिरवत तीन-चार बाजूंनी फोटो घ्यावेत. अक्षरासकट पूर्ण क्रमांक लिहावा. अक्षर सुटलं तर क्रमांक निरुपयोगी. पक्षी मेलेला असेल तर उघड्या हाताने न उचलता हातमोजा वापरावा. तारीख, गाव, शेत की तळं, पक्षी कसा सापडला, ताजा होता की सुकलेला, हे सगळं संस्थेच्या मुंबईतल्या कार्यालयाला, हॉर्नबिल हाउसला, कळवावं. कड्यावर परदेशी संस्थेचं नाव असलं तरी चालतं, पुढचा पत्रव्यवहार ते करतात.

जिवंत पक्ष्यांच्या पायांकडे बघायची उत्तम संधी म्हणजे जानेवारीतली आशियाई पाणपक्षी गणना. आपल्या उपखंडात ती 1987 पासून चालते. रंकाळ्यावर सकाळी चौपाटीच्या बाजूला उभं राहावं, म्हणजे सूर्य पाठीशी येतो. वारकरी नावाच्या काळ्या पाणपक्ष्यांचा थवा एकेक मोजत बसू नये. दहा पक्षी मोजून तेवढ्या थव्याचा आकार नजरेत बसवावा आणि त्या मापाने पुढे सरकावं. कळंब्याच्या तलावावर एखादं बदक मुळीच दिसलं नाही तर तो शून्यही लिहावा. तो न लिहिल्यास पाच वर्षांनी कुणालाच कळणार नाही की बदक नव्हतं की बघणारा नव्हता.

पाणथळीतल्या शेकाट्याच्या किंवा तुतवाराच्या पायात धातूच्या कड्याबरोबर रंगीत पट्ट्या असू शकतात. रंग आणि त्यांचा क्रम यावरून कुठे घातल्या ते ओळखता येतं. तेव्हा डावा-उजवा पाय पक्ष्याचा धरावा, आपल्या समोरून दिसणारा नव्हे. मागे वळणारा सांधा गुडघा वाटतो, पण तो असतो घोटा. पट्टी त्याच्या वर आहे की खाली, हे लिहावं. रंग वरून खाली या क्रमाने नोंदवावेत. आणि ज्या पायात काही नाही, त्याच्यापुढे ‘काही नाही’ असंच लिहावं.