पिल्लू आणायचं, पण कोणत्या महिन्यात?

मनीषनगरच्या भाच्याचा मार्चमध्ये फोन आला. "मामा, गादी घेतली, बाऊल घेतले, पट्टा घेतला, शॅम्पूसुद्धा आणला. आता काय राह्यलं?"

मी विचारलं, "आणतोस कधी?"

तर म्हणे, पोरांच्या परीक्षा संपल्या की. एप्रिलच्या शेवटी. सुट्ट्या असतात, दिवसभर कोणी ना कोणी घरी असतं, पिल्लाकडे लक्ष राहतं.

नागपुरात बरीच पिल्लं याच हिशेबानं घरी येतात. माणसांच्या बाजूनं हिशेब चोख आहे. पिल्लाच्या बाजूनं मात्र वर्षातली याहून वाईट वेळ शोधून सापडायची नाही. आठ आठवड्यांचं पिल्लू उंबरठा ओलांडतं तेव्हा त्याच्या अंगात दोन घड्याळं चालू असतात, आणि आपला उन्हाळा बरोबर त्या दोघांच्या मध्ये येऊन बसतो.

पहिलं घड्याळ मेंदूचं. जन्मल्यावर पहिले दोनेक आठवडे पिल्लाला ना धड दिसतं ना ऐकू येतं. आईनं चाटल्याशिवाय त्याला लघवीसुद्धा होत नाही. तिसऱ्या आठवड्यात डोळे-कान कामाला लागतात. तिथपासून साधारण बारा-चौदा आठवड्यांपर्यंत त्याचा मेंदू एकच नोंदवही भरत असतो : आपलं कोण, परकं कोण, कशाला भ्यायचं, कशाकडे काणाडोळा करायचा. १९६१ साली अमेरिकेत फ्रीडमन, किंग आणि एलियट या संशोधकांनी याची परीक्षा घेतली. उंच कुंपणाच्या मैदानात पिल्लं वाढवली, खाणंही अशा बेतानं दिलं की माणूस दिसू नये. मग काहींना तिसऱ्या, काहींना पाचव्या, सातव्या, नवव्या आठवड्यात आत आणून आठवडाभर माणसांची सोबत दिली आणि परत मैदानात सोडलं. पाचव्या आठवड्यातली पिल्लं लगेच जवळ आली. नवव्या आठवड्यातली बिचकत, वेळ घेत आली. आणि चौदा आठवडे माणूस न पाहिलेली पिल्लं रानातल्या जनावरासारखीच राहिली. मागून कितीही माया केली तरी फारसा उपयोग झाला नाही.

म्हणजे घरी आल्यावर तुमच्या हातात जेमतेम सहा आठवडे उरतात. एवढ्यात त्या वहीत काय काय उतरायला हवं? कुकरची शिट्टी, मिक्सर, काठी टेकत चालणारे आजोबा, हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला, बुरखा, छत्री, धावणारी पोट्टी, वर्धा रोडवर डोक्यावरून जाणारी मेट्रो. तीन-चार महिन्यांपर्यंत हेल्मेट न पाहिलेला कुत्रा पुढं प्रत्येक हेल्मेटवर भुंकतो, आणि आपण म्हणतो, "स्वभावच तसा आहे."

दुसरं घड्याळ रक्तातलं. आईच्या पहिल्या चिकाच्या दुधातून पिल्लाला रोगाशी लढणारी तयार प्रतिपिंडं मिळतात. ही उसनवारी असते आणि ती आटत जाते. साधारण नऊ-दहा दिवसांनी निम्मी, पुढच्या नऊ-दहा दिवसांनी त्याच्या निम्मी. गंमत अशी की हीच प्रतिपिंडं लशीलाही शत्रू समजून निकामी करतात. मध्ये काही दिवस असे येतात की उरलेली प्रतिपिंडं रोग अडवायला अपुरी, पण लस वाया घालवायला पुरेशी. हे दिवस नेमके कधी येणार हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं. एकाच वेतातल्या दोन भावंडांचंसुद्धा जुळत नाही.

म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून दर दोन ते चार आठवड्यांनी लस टोचतात आणि शेवटचा डोस सोळा आठवड्यांचा किंवा त्यानंतरचा ठेवतात. लोकांना वाटतं, पहिला डोस खरा आणि बाकीचे त्याला जोर देणारे. तसं नाही. हा नेम धरून पुन्हा पुन्हा मारलेला खडा आहे. कोणता लागला ते बाहेरून कळत नाही, म्हणून शेवटचा चुकवायचा नाही. रेबीजची लस यातच, पण बारा आठवडे झाल्यावर.

या मधल्या पोकळीची वाट पाहणारा सगळ्यात चिवट विषाणू म्हणजे पार्व्हो. १९७८ च्या सुमारास तो जगभर पसरला. अंगातल्या झपाट्यानं वाढणाऱ्या पेशी त्याला लागतात, म्हणजे आतड्याचं अस्तर आणि हाडांतला मगज. म्हणूनच रक्ताची हगवण आणि सोबत प्रतिकारशक्तीचाही बोऱ्या. त्याच्याभोवती चरबीचं वेष्टन नाही, त्यामुळे साबणानं तो विरघळत नाही आणि फिनाईलला दाद देत नाही. सावलीतल्या मातीत महिनोन्‌महिने टिकतो. घरात आधीचं पिल्लू या आजारानं गेलं असेल तर फरशी एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी अशा द्रावणानं पुसून दहा मिनिटं ओली ठेवावी लागते. अंगणातल्या मातीला तोही इलाज नाही.

आता पेच बघा. मेंदू म्हणतो बाहेर ने, रक्त म्हणतं घरात ठेव. "सगळे डोस होईस्तोवर बाहेर काढायचं नाही" हा सल्ला सर्रास मिळतो. मला तो अर्धाच बरोबर वाटतो. बाहेर काढायचं, जमिनीवर ठेवायचं नाही. कडेवर घ्या, झोळीत घ्या, सकाळी धरमपेठेतल्या एखाद्या पायरीवर मांडीवर घेऊन दहा मिनिटं बसा. भाजीवाला ओरडू दे, बस जाऊ दे, शाळेचे रिक्षे जाऊ देत. तेवढ्यात त्याच्या तोंडात चिमूट-चिमूट उकडलेली कोंबडी. दवाखान्याच्या फरशीवरही उतरवायचं नाही. आजारी कुत्री तिथूनच गेलेली असतात.

आता यात उन्हाळा घाला. एप्रिलच्या अखेरीस आठ आठवड्यांचं असलेलं पिल्लू चौदा आठवड्यांचं होतं जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. म्हणजे अख्खा मे आणि नवतपा (मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) त्याच्या शिकण्याच्या काळावर. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले होते. (२०२४ च्या मे अखेरीस एका स्वयंचलित केंद्रानं ५६ दाखवले तेव्हा सगळ्यांच्या मोबाईलवर तो आकडा फिरला, हवामान खात्यानं नंतर सेन्सरचा दोष म्हणून सांगितलं. पण ५६ वर आपला चटकन विश्वास बसला, यातच काय ते आलं.) सकाळी नऊनंतर दारं-खिडक्या बंद, पडदे ओढलेले. पिल्लू जग बघणार कधी?

आणि ते उष्णता सोसणार कशी, हे समजायला दुसरीकडे कुठं जायला नको, खिडकीतला कूलर बघा. पंखा ओल्या ताट्यांतून हवा ओढतो, पाणी उडून जातं, जाताना हवेतली उष्णता घेऊन जातं. एक ग्रॅम पाणी उडायला सुमारे ५८० कॅलरी लागतात. कुत्र्याला पंजे सोडले तर घाम नाहीच म्हणा. त्याच्या ओल्या ताट्या म्हणजे नाकातली अस्तरं आणि जीभ. धापा टाकणारा कुत्रा बहुतेक हवा नाकानं आत घेतो आणि तोंडानं बाहेर सोडतो, म्हणजे हवा ओल्या भागावरून एकाच दिशेनं वाहते. मिनिटाला तीनशेच्या आसपास धापा टाकूनही तो दमत नाही, कारण हा वेग त्याच्या छातीच्या नैसर्गिक कंपनाशी जुळलेला असतो. झोका योग्य ठेक्यावर ढकलला की जोर लागत नाही, तसं.

कूलर जिथं हरतो तिथंच कुत्राही हरतो. टाकीतलं पाणी संपलं की, आणि जुलैत हवाच दमट झाली की. आपल्याला पावसाळ्यात कूलर चिकचिक वाटतो ना, तेव्हा धापा टाकूनही कुत्र्याचं अंग उतरत नसतं. चपट्या नाकाच्या पगच्या तर ताट्याच मुळात लहान. पिल्लाला उन्हाची झळ बसून ते लडबडायला लागलं, लाळ दाट झाली, की आधी नळाचं पाणी अंगावर ओता, पंख्याखाली धरा, मग डॉक्टरकडे पळा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका. थोड्या वेळात तोच गोधडीचं काम करतो.

कूलरचा आणखी एक धोका पुस्तकात नसतो. भाच्याकडे पूर्वी पाहुणं म्हणून आलेलं एक पिल्लू मी पाहिलंय. बरोबर कूलरच्या पोटाखाली, गळणाऱ्या थेंबाखाली जाऊन पडलं. फरशी गार, पाणी तोंडाशी. आणि शेजारीच पंपाची वायर, तिच्यावर टाचणीनं टोचावं तसे बारीक दातांचे ठसे. २८ दुधाचे दात, ओली फरशी, लोखंडी कूलर आणि नावापुरतं अर्थिंग. विदर्भात कूलरचा करंट लागून माणसं जातात. पिल्लाचं वजन किती ते सांगायला नको.

बाकीची तयारी पटकन सांगतो. कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो, शिजवला तरी. सावजी रस्सा म्हणजे तर कांद्याचाच डोंगर, बोटभरसुद्धा नको. द्राक्षं आणि मनुका मूत्रपिंडाला, चॉकलेट हृदयाला, शुगर-फ्री च्युइंगममधलं झायलिटॉल रक्तातल्या साखरेला. आपल्या तापाची गोळी त्याला कधीच नाही. अंगणात कण्हेर असेल तर खालची पानं रोज झाडा. जंताचं औषध चुकवू नका. आईच्या स्नायूंत निजलेल्या अळ्या गाभणपणी जाग्या होऊन नाळेतून पिल्लात शिरतात, म्हणून स्वच्छ दिसणाऱ्या पिल्लाच्या पोटातही जंत असतात आणि ते घरातल्या लेकरांना होऊ शकतात.

पावसाळ्यात आणावं, तर गोचीड आणि चिखल. दिवाळीच्या तोंडावर आणावं, तर फटाके. आपल्याला वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, त्याला पंचेचाळीस हजारांच्या आसपास, आणि या वयात बसलेली भीती निघता निघत नाही. उरतो दिवाळीनंतरचा काळ. हवा बरी, पोरांच्या हातात संत्री, अंगणात कोवळं ऊन, पिल्लू कडेवर घेऊन दुपारीही फिरता येतं. सोळा आठवड्यांचा डोस जानेवारीत. पहिली मे महिन्याची झळ लागेल तेव्हा ते सात-आठ महिन्यांचं. रात्री पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा तेवढं पोतं आणि जुनी चादर हवी.

गल्लीतल्या कुत्र्यांचीही वेतं साधारण हिवाळ्यातच निघतात. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेतल्या अनिंदिता भद्र यांच्या गटानं रस्त्यावरच्या ३६४ पिल्लांच्या नोंदी ठेवल्या; सात महिन्यांपर्यंत जगली फक्त १९ टक्के, आणि मरणाचं मोठं कारण माणूस. विकत आणण्याआधी कोपऱ्यावर एक नजर टाकायला हरकत नाही. गावरान पिल्लाचं वय दातांवरून कळतं : पुढचे दुधाचे दात शाबूत असले तर चार महिन्यांच्या आतलं.

हे सगळं ऐकून भाचा थोडा हिरमुसला. पोरांनी तर दोन दिवस अबोला धरला. पण तारीख भाऊबीजेनंतरच्या रविवारवर गेली. परवा तिकडे गेलो होतो, तर कूलर पुसून सज्ज्यावर चढवलेला, वायरी गुंडाळून खिळ्याला टांगलेल्या. बाऊल मात्र बदलून आण म्हटलं. प्लास्टिकचे होते.