खारवट आणि चोपण: पांढरा थर दिसला म्हणून जिप्सम टाकू नका

उन्हाळ्यात रानात पांढरं फुललं की बांधावर जिप्समच्या, म्हणजे कॅल्शियम सल्फेटच्या, गोण्या येऊन पडतात. शिरोळ, वाळवा, मिरज, पलूस, सगळ्या नदीकाठच्या उसाच्या पट्ट्यात हेच चालतं. जमीन खारवट आहे की चोपण, हे विचारायचं कुणाच्या मनात येत नाही. दोन्हींचा इलाज वेगळा आहे, आणि चुकीच्या इलाजात नुसते पैसेच नाही, चांगली सुधारू शकणारी जमीनही हातची जाते.

खारवट जमीन बहुतेकांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. मातीतल्या पाण्यात सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांचे क्लोराइड आणि सल्फेट क्षार जास्त साठलेले असतात. यातले बरेचसे सहज विरघळणारे. साधं मीठच घ्या, लिटरभर पाण्यात सुमारे ३६० ग्रॅम विरघळतं. त्यामुळे हे क्षार पाणी जाईल तिकडे जातात. भूजल वर आलं, पाणी पृष्ठभागावरून उडून गेलं, की क्षार तिथेच राहतात. इलाजही पाण्याचाच: निचऱ्याची सोय करायची आणि चांगल्या पाण्याने क्षार खाली धुवून काढायचे. कोकणातल्या खार जमिनी आणि गोव्यातली खाजनं पावसाळ्यात अशीच धुवून निघतात आणि त्यावर भात पिकतो. अशा जमिनीत जिप्समचं काही काम नाही.

आता चोपण. इथे क्षार पाण्यात कमी असतात, आणि नेमका हाच मुद्दा लोकांच्या लक्षात येत नाही. दुखणं आहे ते मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमचं.

हे होतं कसं, ते नीट बघू. अनेक बोरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतं. पाणी दिल्यावर माती वाळू लागते, मातीतलं पाणी घटत जातं आणि उरलेलं दाट होतं. मग कॅल्शियम आणि बायकार्बोनेट मिळून कॅल्शियम कार्बोनेट तयार होतं. हा क्षार शुद्ध पाण्यात लिटरला जेमतेम १०-१५ मिलिग्रॅम विरघळतो. बाकीचा साका होऊन मातीत बसतो, म्हणजेच चुनखडी. सोडियमचं तसं होत नाही. त्याचं कार्बोनेट भरपूर विरघळतं, म्हणून सोडियम पाण्यातच राहतो. प्रत्येक पाळीला थोडा कॅल्शियम पाण्यातून बाद होतो आणि सोडियमचा वाटा वाढत जातो. शेवटी चिकणमातीच्या कणांवरची कॅल्शियमची जागा सोडियम घेतो. कॅल्शियमवर दोन भार असतात, तो कण एकत्र धरतो. सोडियमवर एकच, शिवाय भोवती पाण्याचं जाड वेष्टण. त्यामुळे कण सुटे होतात, बारीक छिद्रं बुजतात आणि पाणी मुरायचं थांबतं. सरीत पाणी दोन-दोन दिवस तुंबून राहतं, तेही गढूळ. वाफसा धड येत नाही. वाळल्यावर ढेकळं दगडासारखी होतात.

म्हणूनच चोपण जमीन नुसत्या पाण्याने धुता येत नाही. पाणी सोडियमला कणावरून सोडवत नाही, त्याला कॅल्शियमनेच ढकलावं लागतं. जिप्सम लागतं ते इथे. सोडियम सुटला की त्याचं सल्फेट होतं, ते विरघळतं आणि पाण्याबरोबर निघून जातं. मात्र त्याला जायला वाट हवी. निचरा न करता जिप्सम टाकण्याला माझा साफ विरोध आहे.

'आमच्या रानात चुनखडी मुबलक आहे, मग वरून कॅल्शियम कशाला?' हा प्रश्न रास्त आहे. उत्तर विद्राव्यतेत आहे. जिप्सम लिटरला दोन-अडीच ग्रॅम विरघळतं, चुनखडी त्याच्या शंभरावा हिस्साही नाही. आणि सामू (पीएच) ८.५ च्या वर गेला की ती आणखीच गप्प बसते. कॅल्शियम रानात आहे, पण पाण्यात नाही. चुनखडीच्या जमिनीत गंधक चालतं ते यासाठीच: जिवाणू त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात, आम्लात चुनखडी विरघळते आणि जिप्सम जागच्या जागी तयार होतं. धैंचा हे हिरवळीचं खत गाडल्याने फायदा होतो त्यातही हे एक कारण आहे. कुजताना निघणारा कार्बन डायऑक्साइड थोडी चुनखडी विरघळवतो. पण चुनखडी नसलेल्या जमिनीत कॅल्शियम मिळावं म्हणून गंधक विकणाऱ्यांचं ऐकू नका.

घरी तपासायचं असेल तर काचेच्या ग्लासात बॅटरीत घालायचं पाणी (डिस्टिल्ड वॉटर) घ्या. बोरचं नको, त्यातले क्षार निकाल झाकतात. हरभऱ्याएवढं वाळलेलं ढेकूळ अलगद सोडा आणि ढवळू नका. दोन-तीन तासांनी ढेकूळ विस्कटलं पण पाणी नितळ राहिलं, तर माती फुटते आहे, इतकंच. ढेकळाभोवती दुधाळ वलय पसरलं तर कण सुटे होत आहेत, चोपणपणाची शंका घ्या. पांढऱ्या थराच्या भरवशावर राहू नका. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात असा थर न दिसताही जमिनीत पाणी मुरत नाही.

सगळ्यात फसवी खारवट-चोपण. क्षारही जास्त, कणांवर सोडियमही जास्त. विरघळलेल्या क्षारांमुळे कण एकत्र राहतात, पाणी मुरतं, सामूही बहुधा ८.५ च्या आत. शेतकरी खारवट समजून गोड्या पाण्याने धुतो, क्षार जातात, सोडियम राहतो, आणि रान पक्कं चोपण होतं. इथे आधी जिप्सम, मग धुणं.

प्रयोगशाळेच्या अहवालाबद्दल एक तक्रार आहेच. खारवटपणाची प्रसिद्ध मर्यादा, विद्युत वाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटर, ही संपृक्त, म्हणजे पाण्याने पुरती भिजवलेल्या, मातीच्या अर्काची आहे. आपल्याकडे बहुतेक अहवाल एक भाग माती आणि अडीच भाग पाणी घेऊन केलेले असतात. त्यात क्षार पातळ होतात, आकडा लहान येतो आणि लोक निर्धास्त होतात. शिवाय मृदा आरोग्य पत्रिकेत विनिमययोग्य सोडियम, म्हणजे कणांना चिकटलेल्या सोडियमचा टक्का, नसतोच. तो वेगळा मागून तपासून घ्या. १५ टक्क्यांच्या वर चोपण म्हणतात, पण आपल्या काळ्या, फुगणाऱ्या मातीत त्रास त्याच्या बराच आधी सुरू होतो.

आणि मातीबरोबर बोरचं पाणीही द्या तपासायला. कार्बोनेट आणि बायकार्बोनेटच्या बेरजेतून कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची बेरीज वजा करायची. उत्तर १.२५ मिलीइक्विव्हॅलंट प्रति लिटरच्या आत असेल तर काळजी नाही. २.५ च्या वर गेलं तर त्या पाण्याची प्रत्येक पाळी रानातला कॅल्शियम चुनखडीत बसवणार. अशा वेळी ते पाणी कॅनॉलच्या पाण्यात मिसळून द्या, नाहीतर जिप्समच्या खड्यांनी भरलेल्या हौदातून फिरवून मगच सरीत सोडा.