वाकडी स्ट्रॉबेरी आणि वॉटरकलरचा ब्रश

आमच्या कोथरूडच्या गॅलरीत पहिली अल्पाइन स्ट्रॉबेरी जानेवारीत पिकली आणि ती निघाली वाकडी. एका बाजूला गुबगुबीत, दुसरी बाजू आत बसलेली. आईने उलटसुलट करून बघितली, "एवढ्यासाठी सहा महिने?" म्हणाली आणि तोंडात टाकली. मग म्हणाली, अजून आहे का. करंगळीच्या नखाएवढं फळ, पण वास असा की बोटांना बराच वेळ राहतो.

पुढची पण वाकडीच आली, ती मात्र कोणाला खाऊ दिली नाही, मोबाईलने झूम करून बघितली. फुगलेल्या बाजूला वरचे ठिपके टपोरे आणि एकमेकांपासून लांब लांब, बसक्या बाजूला खसखशीसारखे बारीक आणि खेटून बसलेले. सगळी गंमत इथेच आहे. आपण ज्याला स्ट्रॉबेरीची बी म्हणतो ना, तो प्रत्येक ठिपका म्हणजे वनस्पतीशास्त्राच्या हिशोबाने एक अख्खं फळ असतं, बी त्याच्या आत. आणि जे लाल आपण खातो तो फुलाचा बुडखा, फुगलेला. तो फुगवायचं काम हे ठिपकेच करतात, त्यांच्यातून ऑक्सिन नावाचं हार्मोन खालच्या गरात उतरतं. नित्श नावाच्या शास्त्रज्ञाने 1950 मध्ये छापलेला प्रयोग आहे, त्याने कोवळ्या स्ट्रॉबेरीवरचे ठिपके काढून टाकले तर वाढ थांबली, थोडेच ठेवले तर फक्त त्यांच्या आसपास गर फुगला, आणि सगळे काढून वर ऑक्सिनचा लेप लावला तर फळ परत वाढलं!

म्हणजे माझं खत कमी नव्हतं, उगाच गांडूळखत ओतत बसलो. ज्या ठिपक्यांना पराग मिळाला नाही ते खुरटे राहिले, तेवढी बाजू बसली. ही जात स्वतःच्या परागावर फळते हे खरं, पण तो पराग फुलभर पसरवायला वारा नाहीतर माशी लागते, आणि आमची गॅलरी तीन बाजूंनी काचबंद. मग भाचीच्या कंपासमधला वॉटरकलरचा ब्रश ढापला, रोज सकाळी प्रत्येक फुलात हलकेच गोल फिरवायचा. फेब्रुवारीतली फळं सरळ आली, सगळी नाही, पण बरीच.

परागावरून आठवलं, आपली महाबळेश्वरची मोठी स्ट्रॉबेरी जन्मलीच या भानगडीतून. फ्रेझिए नावाचा फ्रेंच लष्करी इंजिनिअर चिलीतले स्पॅनिश किल्ले बघायला गेला होता, 1714 मध्ये परतताना तिथल्या मोठ्या फळाच्या स्ट्रॉबेरीची रोपं घेऊन आला (आडनाव पण फ्रेंचमधल्या स्ट्रॉबेरीच्या शब्दावरचंच). पण आणलेली रोपं निघाली सगळी मादी, त्यामुळे फळच धरेना. मग शेजारी उत्तर अमेरिकेतली स्ट्रॉबेरी लावली, तिचा पराग मिळाला, आणि त्या संकरातून आजची स्ट्रॉबेरी आली. तिच्यात 56 गुणसूत्रं, आमच्या कुंडीतल्या पिटुकलीत 14. पिटुकली त्याच्या कितीतरी आधीपासून युरोपातल्या जंगलात आहे.

लावायची असेल तर बीच लावावं लागतं, कारण महाबळेश्वरला जसे रनर (जमिनीवर पसरणारे लांब धुमारे, त्यांना नवी रोपं फुटतात) तोडून रोपं करतात तसे रनर या जातीला बहुतेक येतच नाहीत. मी बी महिनाभर फ्रिजमध्ये ठेवलं, ऑगस्टमध्ये ओल्या कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याचा भुसा) नुसतं भुरभुरवलं. वर माती टाकायची नाही, उगवायला उजेड लागतो. पहिल्या ट्रेला मी शहाणपणा करून पाव इंच माती पसरली होती, त्यातलं एकही उगवलं नाही. दुसऱ्याला तीन आठवड्यांनी हिरवे ठिपके दिसले, तेही भिंग लावून. नंतर आठ इंची कुंडी, पाणी झिरपून जाईल अशी माती, सकाळचं कोवळं ऊन, बस.

खरी परीक्षा एप्रिलमध्ये. थंड हवेतलं झाड ते, पुण्याचं 38-40 डिग्री त्याला झेपत नाही, फुलं येणं थांबतं आणि पानांच्या कडा करपतात. ग्रीन नेट बांधली, कुंड्या आत भिंतीला सरकवल्या, सहातली चार वाचली.

आणि काच जरा उघडी ठेवली की बुलबुल येतो, लाल झालेलं नेमकं फळ उचलतो. पांढऱ्या-पिवळ्या फळाची पण जात असते, ती पिकली तरी लाल होत नाही म्हणून पक्ष्यांच्या लक्षात येत नाही असं म्हणतात. तिचं बी आत्ता फ्रिजमध्ये आहे, मोहरीच्या डब्यामागे, आईने फोडणीत टाकलं नसेल तर.