पिन बसली, तरी चार्जिंग का होत नाही?

फोन बंद करा, त्याचा चार्जिंग पॉइंट आपल्याकडे वळवा आणि दुसऱ्या फोनच्या टॉर्चचा उजेड आत तिरका पाडा. फोन टाइप-सीचा असेल तर मधोमध एक पातळ पट्टी दिसेल आणि तिच्या दोन्ही अंगांना बारीक सोनेरी रेघा. आता त्याही पलीकडे, अगदी तळाशी बघा. फोन वर्ष-दोन वर्षं खिशात वावरला असेल, तर तिथे करड्या रंगाचा थर दिसण्याची बरीच शक्यता आहे. कपड्यांचे तंतू आणि धूळ आत शिरते आणि मग रोज पिन लावताना आपणच ती आत ठासत जातो. महिनोन्महिने ठासून तिची नमद्यासारखी घट्ट गादी तयार होते.

टाइप-सीची पिन आत जाते ती जेमतेम साडेसहा मिलिमीटर. तळाशी एखादा मिलिमीटर अडला की पिन पूर्ण बसत नाही, बसताना जाणवणारा ‘टक्’ जाणवत नाही आणि केबल जरा हलली की चार्जिंग थांबतं. ‘पिन ढिली झाली’ असं आपण म्हणतो ते यालाच. माझ्या फोनचा पॉइंट मी बदलून घ्यायलाच निघालो होतो. त्याआधी लाकडी टूथपिक हलक्या हाताने तळाशी फिरवली, तर तिळाएवढे तीन गोळे बाहेर आले आणि तीच जुनी केबल घट्ट बसली. हे करताना फोन बंद हवा आणि हातात लाकूड किंवा प्लास्टिकच हवं. सुई किंवा टाचणी नको. आतल्या रेघा एकमेकींपासून अर्ध्या मिलिमीटरवर असतात, धातूचं टोक त्या खरवडतं किंवा दोघींना जोडून टाकतं.

कचऱ्यानंतरची कारणं समजून घ्यायची, तर चार्जिंग सुरू होण्याआधी काय घडतं ते पाहायला हवं. पिन लावली की वीज धावत आत जाते, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात चार्जर आणि फोन आधी एकमेकांची ओळख पटवून घेतात आणि ही ओळख पटते ती रोध, म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा, मोजून. पडद्यावर येणारी बहुतेक सूचना म्हणजे अशाच एखाद्या मोजमापाचा निकाल असतो. कोणतं मोजमाप फसलं हे कळलं की दोष कुठे शोधायचा तेही कळतं.

टाइप-सीचा आराखडा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २४ संपर्कबिंदू आहेत, म्हणजे मघाशी दिसलेल्या त्या सोनेरी रेघा. वीज वाहणारे वेगळे, माहिती वाहणारे वेगळे आणि सीसी नावाचे दोन फक्त ओळखीसाठी. फोनमध्ये या दोन्ही बिंदूंना ५.१ किलोओहमचा एकेक रोधक, म्हणजे ठरावीक रोधाचा इवलासा भाग, जोडलेला असतो (ओहम हे रोधाचं माप). टाइप-सी चार्जर हा रोध जाणवेपर्यंत वीज सोडतच नाही, नुसत्या लोंबत्या केबलच्या टोकाशी वीज नसते. रोध सापडला की चार्जर वीज सोडतो आणि सीसीच्याच तारेवरच्या विजेच्या दाबावरून, म्हणजे व्होल्टेजवरून, आपण किती प्रवाह देऊ शकतो तेही फोनला कळवतो. म्हणजे वीज वाहणारे सगळे बिंदू लख्ख असले, पण सीसीवर गंज किंवा कचरा असला, तरी फोन ढिम्म हलत नाही.

इथेच घरच्या घरी करण्याजोगी एक फार उपयोगी परीक्षा आहे. टाइप-सीची पिन उलट-सुलट कशीही बसते, पण पिनेतली सीसीची तार एकच असते. सुलट लावली की ती फोनच्या एका सीसीला भिडते, उलटी केली की दुसऱ्या. म्हणून एका बाजूने चार्ज होतो आणि पिन उलटली की होत नाही, असं झालं तर चार्जर ठीक आहे. दोष फोनच्या पॉइंटमधल्या एका ओळीत आहे किंवा केबलच्या टोकाशी. दुसरी केबल लावूनही त्याच बाजूला अडत असेल, तर दोष फोनचा.

एका टोकाला जुनी चौकोनी यूएसबी आणि दुसऱ्याला टाइप-सी अशा केबलमध्ये ओळखीचा रोधक केबलच्या आतच बसवलेला असतो. तो ५६ किलोओहमचा हवा, म्हणजे फोन बेताचाच प्रवाह मागतो. २०१५ मध्ये गूगलचे अभियंते बेन्सन ल्युंग यांनी बाजारातल्या अशा केबल एकेक करून तपासल्या, तेव्हा अनेकींमध्ये १० किलोओहमचा रोधक निघाला. अशी केबल फोनला सांगते की ३ अँपिअर खुशाल घे, मग पलीकडे तेवढी ताकद नसलेला संगणकाचा जुना पोर्ट का असेना. पुढच्या वर्षी एका केबलमध्ये तर वीज आणि ग्राउंड (परतीची वाट) यांच्या तारा उलट जोडलेल्या निघाल्या आणि ल्युंग यांचा लॅपटॉप तिने निकामी केला. केबल म्हणजे नुसती वायर, हा समज तेव्हापासून मी सोडला.

‘चार्जिंग सावकाश होत आहे’ ही सूचना आली की बहुतेक जण चार्जरला दोष देतात. मी आधी केबलकडे बघतो आणि त्यामागे साधा हिशेब आहे. ०.३२ मिलिमीटर जाडीच्या, एक मीटर लांब तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.२१ ओहम भरतो. जाणारी एक आणि परतीची एक अशा दोन तारा धरल्या की ०.४२. त्यातून २ अँपिअर वाहिले तर ०.८४ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. चार्जरमधून ५ व्होल्ट निघाले, फोनशी पोचले ४.१६. बॅटरी भरायला सव्वाचार व्होल्टच्या आसपास दाब लागतो, तेव्हा फोन प्रवाह कमी करतो आणि उरलेला दाब सावरून धरतो. हीच तार ०.५१ मिलिमीटर जाडीची असेल, तर घट होते ०.३४ व्होल्ट. केबल जितकी लांब आणि बारीक, तितकी ही गळती जास्त.

फास्ट चार्जिंगमध्ये दाब वाढवतात तो याच कारणाने. ९ व्होल्टवर तीच ऊर्जा कमी प्रवाहात पोचते आणि वाटेत कमी सांडते. मात्र त्यासाठी चार्जर आणि फोन यांची बोलणी व्हावी लागतात. यूएसबी पॉवर डिलिव्हरी या पद्धतीत ५, ९, १५, २० व्होल्ट असे पर्याय चार्जर पुढे करतो आणि फोन त्यातला एक निवडतो. काही कंपन्यांची स्वतःची वेगळी पद्धत असते. एका पद्धतीचा फोन आणि दुसरीचा चार्जर एकत्र आले की दोघं साध्या ५ व्होल्टवर येतात. यात बिघाड कुणाचाच नसतो. ३ अँपिअरच्या वर प्रवाह हवा असेल, तर टाइप-सी केबलच्या टोकातही ई-मार्कर नावाची चिप लागते. ती नसेल, तर मोठा चार्जर ३ अँपिअरच्या पुढे जात नाही.

आयफोनच्या लाइटनिंग केबलची गोष्ट थोडी निराळी. २०१२ ते २०२२ या काळात आलेल्या आयफोनांमध्ये आठ पट्ट्यांची ही पिन आहे, २०२३ पासून टाइप-सी आली. लाइटनिंग केबलच्या टोकात ओळख सांगणारी चिप असते. फोनला तिचं उत्तर पटलं नाही की ही ॲक्सेसरी कदाचित चालणार नाही, अशा अर्थाची सूचना येते. केबल प्रमाणित नसेल तर ती येतेच, पण काल चालणाऱ्या अस्सल केबललाही आज येऊ शकते. अशा वेळी पिनेच्या सोनेरी पट्ट्या नीट पाहा. एखादी काळवंडली असेल, तर फोन आणि चिप यांचा संवाद तुटतो. केबल बदलली की सूचना जाते.

ओलाव्याच्या सूचनेबद्दल मात्र माझा आग्रह आहे, ती कधीच धुडकावू नका. पॉइंट कोरडा असताना दोन बिंदूंमधला रोध प्रचंड असतो, पाण्याचा एक थेंब त्यांच्यामध्ये आला की तो एकदम उतरतो. फोन अगदी क्षीण वीज सोडून हे ताडतो आणि चार्जिंग अडवतो. कारण पाण्याचं विघटन व्हायला सव्वा व्होल्टच्या आसपास दाब पुरतो आणि इथे अर्ध्या मिलिमीटरच्या अंतरात ५ किंवा ९ व्होल्ट येणार असतात. त्या थेंबात धातू विरघळू लागतो, सोन्याचा पातळ मुलामा सुटतो आणि खालच्या तांब्यावर हिरवट गंज चढतो. घाम आणि समुद्राचं पाणी यांत क्षार असल्याने हे फार झपाट्याने होतं. फोन पाण्यात टिकणारा आहे म्हणून इथे सुटका नाही. पाणी अडवणारी बंदिस्ती फोनच्या पोटासाठी असते, पॉइंटचे बिंदू तिच्या बाहेर उघडेच राहतात.

सूचना आली की केबल दोन्ही टोकांनी काढा. पॉइंट खाली करून फोन तळहातावर हलकेच आपटा, मग वारा खेळेल अशा कोरड्या जागी ठेवा. अर्ध्या तासाने लावून पाहा, पुन्हा तीच सूचना आली तर दिवसभर थांबा. हेअर ड्रायर नको, कापूस किंवा कागदाची सुरळी नको आणि तांदळाचा डबा तर मुळीच नको. तांदळाचे बारीक कण आत शिरून नवं दुखणं करतात, तसं करू नये असं ॲपलनेही स्पष्ट सांगितलं आहे. फोनची पाठ कोरडी असेल, तर वायरलेस चार्जरवर काम भागतं. एक गोष्ट हमखास विसरली जाते, ओलावा केबलच्या टोकातही असू शकतो. आणि दोन दिवसांनीही सूचना हटत नसेल, तर आत सुकलेल्या क्षारांचा थर असण्याचा संभव आहे. तो हवेतला दमटपणा ओढून घेतो, म्हणजे मोजमाप अजून खरंच असतं.

तापमानाची सूचना त्या मानाने सोपी. शून्य अंशाखाली लिथियम आयन बॅटरी चार्ज केली तर धातुरूप लिथियमचा थर आत साचतो आणि फार तापलेली बॅटरी चार्ज केली तर ती लवकर झिजते, म्हणून फोन थांबतो. कव्हर काढा, उन्हातून बाजूला घ्या, चार्जिंग आपोआप सुरू होईल. बॅटरी ८० टक्के भरल्यानंतरचा चार्जिंगचा संथपणा तर ठरवून ठेवलेला असतो.

थांबायचं कधी, तेही सांगतो. बिंदूवर ०.१ ओहमचा रोध जरी साचला, तरी ३ अँपिअरला त्या इवल्याशा जागेत ०.९ वॉट उष्णता तयार होते. पिन हाताला चटका देत असेल, जळका वास येत असेल किंवा फोनची पाठ फुगलेली दिसत असेल, तर घरगुती प्रयोग तिथेच बंद करा. फोन चार्जिंगवरून काढा आणि दुरुस्तीला द्या. देताना केबल आणि चार्जरही बरोबर न्या आणि पिन कोणत्या बाजूने लावली की चार्ज होतो, कोणत्या बाजूने नाही, हे सांगा. बऱ्याच फोनमध्ये हा पॉइंट वेगळ्या छोट्या बोर्डावर असतो, तेवढाच बदलता येतो.