रक्त आडवाटेला लागतं तेव्हा

काल रात्री नीट जेवलेला माणूस सकाळी भांडंभर रक्त ओकतो. घरच्यांना वाटतं, अल्सर फुटला. पण रुग्णाला लिव्हर सिरॉसिस असेल, म्हणजे यकृत निबर झालं असेल, तर डॉक्टरांना आधी शंका येते ती व्हेरिसेसची, म्हणजे अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी फुगलेल्या शिरांची. फुटेपर्यंत त्या दुखत नाहीत, खुपत नाहीत.

आतडी, जठर आणि प्लीहेतलं रक्त परस्पर हृदयाकडे जात नाही. पोर्टल व्हेन ही मोठी शीर ते आधी यकृतात नेते, मिनिटाला लिटरभर तरी. दारू, हिपॅटायटिस बी-सी, फॅटी लिव्हर, कशानंही यकृत निबर झालं की रक्ताला आत शिरायला जागा उरत नाही. यकृतात शिरताना आणि बाहेर पडताना रक्ताच्या दाबात जो फरक असतो, तो एरवी पाऱ्याच्या 5 मिलिमीटरपर्यंत. 10 झाला की व्हेरिसेस होऊ लागतात, 12 वर गेला की फुटण्याची भीती. घाटात दरड कोसळली की ट्रक गावच्या बोळात घुसतात, तसं हे रक्त अन्ननलिकेच्या नाजूक शिरांत घुसतं.

आपल्याकडे काही लहान मुलांत यकृत चांगलं असतं, पोर्टल व्हेनच गुठळीनं बुजलेली असते. त्यामुळे रक्ताची उलटी म्हटली की ‘पीत होता का?’ हा शेजाऱ्यांचा प्रश्न निदान दर वेळी तरी लागू पडत नाही.

फुटलेल्या शिरेला एंडोस्कोपीतून रबरी बँड लावतात. मूळव्याधीच्या कोंबांवर हीच युक्ती आधीपासून चालत होती. पण दाब तसाच राहिला तर शिरा पुन्हा फुगतात. 1980 च्या सुमारास फ्रान्समध्ये डिडिए लब्रेक यांनी दाखवलं, की प्रोप्रानोलॉल ही हृदयविकाराची गोळी हा दाब उतरवते. आज तिला पर्याय म्हणून कार्व्हेडिलॉल ही गोळीही आहे.

रक्त गेलं तर भरपूर रक्त चढवावं, हेही इथे उलटं पडतं. नळ सोडला की पाइपातला दाब वाढायचाच. 2013 मध्ये बार्सिलोनात पोटातून रक्तस्राव झालेल्या 921 रुग्णांचा अभ्यास झाला. हिमोग्लोबिन 7 च्या खाली गेल्यावरच ज्यांना रक्त दिलं, ते 9 च्या खाली जाताच रक्त मिळालेल्यांपेक्षा जास्त संख्येनं वाचले. धावपळ करून चार पिशव्या आणलेल्या मुलाला ‘सध्या एकच पुरे’ हे पटवणं मात्र अवघड जातं.