उतारवय आणि डोंगराचा उतार

ठाण्यात उपवन तलाव मागे टाकून येऊरच्या चढाला लागले की रविवारी सकाळी साठी ओलांडलेली मंडळी जागोजागी भेटतात. त्यांच्या बोलण्यात एक वाक्य हमखास येते : "चढायचं काही वाटत नाही हो, उतरताना मात्र गुडघे बोलतात." बरोबरची तरुण मुले हे हसण्यावारी नेतात, कारण त्यांच्या लेखी चढणे म्हणजे कष्ट आणि उतरणे म्हणजे सुटका. शरीरशास्त्राच्या दृष्टीने मात्र या तक्रारीत पुष्कळ तथ्य आहे, आणि ज्येष्ठांच्या व दिव्यांगांच्या गिर्यारोहणाचा विचार परतीच्या वाटेपासूनच सुरू करावा असे मला वाटते.

चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत जातो आणि शरीर वर उचलतो. या कामाला प्राणवायू भरपूर लागतो, आणि तो वापरण्याची शरीराची कमाल क्षमता तिशीनंतर दर दहा वर्षांना साधारण 10 टक्क्यांनी घटते. नियमित व्यायाम करणाऱ्यांमध्ये ही घट बरीच कमी राहते. हृदयाचे कमाल ठोकेही वयानुसार उतरतात. 208 मधून वयाची 0.7 पट वजा करावी, या प्रचलित सूत्रानुसार सत्तरीतल्या माणसाचे कमाल ठोके मिनिटाला 159 च्या आसपास येतात. (रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांनी मात्र या आकड्यावर विसंबू नये, ती गोळी ठोक्यांना मुळातच लगाम घालते.) ज्येष्ठांची दमछाक लवकर होते ती यामुळे, पण हृदयाची तपासणी करून घेतलेल्या माणसाकडे त्यावर साधा उपाय असतो : सावकाश चालायचे. उतारावर हा उपाय पुरत नाही.

उतारावर तोच स्नायू ताणला जात असताना जोर लावतो आणि गाडीच्या ब्रेकसारखे काम करतो. हे काम किती वेगळे असते, ते 1952 मध्ये अ‍ॅबट, बिगलँड आणि रिची या शास्त्रज्ञांनी फार गमतीशीर रीतीने दाखवले. त्यांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून साखळीने जोडल्या. एकाने पायडल मारायचे आणि दुसऱ्याने ते उलटे फिरणारे पायडल रोखून धरायचे. दोघांच्या पायांवर येणारा जोर सारखाच होता, पण रोखणाऱ्याला लागणारा प्राणवायू पायडल मारणाऱ्यापेक्षा कित्येक पटींनी कमी भरला. प्रात्यक्षिकात तर एका सडपातळ स्त्रीने धिप्पाड पुरुषाला सहज दमवले. म्हाताऱ्या माणसांना दिलासा देणारी गोष्ट पुढेच आहे : वयानुसार स्नायूंची उचलण्याची ताकद जितकी घटते, तितकी ही रोखण्याची ताकद घटत नाही.

मग गुडघे बोलतात ते का? उतारावर दम लागत नसल्याने माणूस झपाझप उतरतो, आणि प्रत्येक पावलाला गुडघ्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. सांध्यातल्या हाडांमधली झिजलेली गादी, म्हणजे कूर्चा, तो सोसू शकत नाही. त्यातच वयानुसार स्नायूंमधले जलद आकुंचन पावणारे तंतू आधी कमी होतात. पाय घसरल्यावर क्षणार्धात तोल सावरणारे तंतू नेमके तेच असतात. मुरमाच्या घसाऱ्यावर विशीतला मुलगा सावरतो आणि त्याचे आजोबा बसतात, यामागे मुख्यतः हा क्षणाचा फरक असतो. दोन हातांत दोन काठ्या घेतल्या तर गुडघ्यावरचा भार सुमारे पाव हिश्शापर्यंत कमी होऊ शकतो असे मोजमापांत आढळले आहे, तरीही आपल्याकडे काठीला म्हातारपणाची खूण समजून ती गाडीतच ठेवणारे महाभाग कमी नाहीत.

दुसरी अडचण नाकावर बसलेली असते. गेल्या हिवाळ्यात आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंना सरळ साध्या पायवाटेवर दोनदा ठेच लागली. त्यांना चष्मा काढून दाखवायला सांगितले, तर तो प्रोग्रेसिव्ह काचांचा निघाला. या काचेचा खालचा भाग वाचनासाठी, म्हणजे हातभर अंतरासाठी असतो. उतरताना पुढचे पाऊल नेमके याच भागातून दिसते आणि दीड मीटरवरचा दगड अस्पष्ट होतो. बायफोकल आणि प्रोग्रेसिव्ह चष्म्यांमुळे ज्येष्ठांच्या पडण्याचा धोका वाढतो हे अभ्यासांतून पुढे आलेले आहे. बाईंनी आता डोंगरासाठी फक्त दूरच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घेतला आहे, आणि नकाशा वाचायचे काम आमच्याकडे आले आहे.

उतरण्याची सवयही लावता येते. ऑस्ट्रियातल्या एका प्रयोगात लोकांना काही आठवडे डोंगर चढायला लावून केबल कारने खाली आणले आणि नंतर केबल कारने वर नेऊन पायी उतरवले. चढण्याने रक्तातली ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे एक प्रकारची चरबी, घटली, तर उतरण्याने साखर पेलण्याची शरीराची क्षमता सुधारली. नव्याने उतरणाऱ्याच्या मांड्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भरून येतात, पण असा एक थोडा उतार पुढचे काही आठवडे स्नायूंना संरक्षण देतो. कळसूबाईला जाण्याआधी महिनाभर दर आठवड्याला सोसायटीचे जिने लिफ्टने चढून पायी उतरावेत, असे मी सुचवतो तेव्हा लोकांना ती थट्टा वाटते.

युइचिरो मिउरा या जपानी गिर्यारोहकाने 23 मे 2013 रोजी वयाच्या 80व्या वर्षी एव्हरेस्ट गाठले. हा विक्रम सर्वांना ठाऊक असतो. उतरताना ते इतके थकले होते की दुसऱ्या कॅम्पपासून त्यांना हेलिकॉप्टरने खाली आणावे लागले, हे फारसे कोणी सांगत नाही.

पाय गमावलेल्या गिर्यारोहकापुढचा प्रश्नही शेवटी ब्रेकचाच असतो. गुडघ्याखाली पाय नसलेल्याला सपाटीवर चालायला साधारण पाव पट जास्त ऊर्जा लागते. गुडघ्यावरून पाय गेला असेल तर हा खर्च दीडपटीच्याही पुढे जातो. उतारावर यांत आणखी भर पडते, कारण शरीराचा भार हळूहळू खाली सोडणारा स्नायूच तिथे नसतो. ते काम कृत्रिम गुडघ्यातल्या हायड्रॉलिक यंत्रणेने करावे लागते. घोट्याचेही तसेच आहे. 1968 च्या सुमारास रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद सेठी यांनी घडवलेला जयपूर फूट रबराचा असल्यामुळे सर्व बाजूंना थोडा वाकतो, आणि म्हणून खाचखळग्यांच्या वाटेवर लाकडी पावलापेक्षा तो अधिक विश्वासाचा ठरतो. हिमदंशाने 1982 मध्ये दोन्ही पाय गमावलेल्या ह्यू हर यांनी याच्या उलट दिशेने विचार केला : कड्यावरच्या अरुंद भेगेत माणसाचे पाऊल मावत नसेल, तर पाचरीच्या आकाराचे पाऊल का बनवू नये? त्यांनी ते बनवले आणि पूर्वीपेक्षा अवघड चढाया केल्या. एरिक वाइहेनमायर या दृष्टिहीन गिर्यारोहकाने पुढच्या साथीदाराच्या पाठपिशवीला बांधलेल्या घंटेचा माग काढत 25 मे 2001 रोजी एव्हरेस्टचा माथा गाठला. आता 2028 च्या लॉस एंजेलिस पॅरालिम्पिकमध्ये पॅराक्लाइंबिंगचा, म्हणजे दिव्यांगांच्या प्रस्तरारोहण स्पर्धेचा, समावेश झाला आहे.

आपल्याकडची हवा मात्र वेगळ्याच अडचणी आणते. कळसूबाई 1,646 मीटर, म्हणजे विरळ हवेचा त्रास सुरू होतो त्या 2,500 मीटरच्या बरीच खाली. सह्याद्रीत घात करतो तो उकाडा. वयानुसार घाम कमी येतो आणि तहानेची जाणीवही मंदावते, त्यामुळे ज्येष्ठांनी तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यायला हवे. पाठीच्या मणक्याला वरच्या भागात इजा झालेल्यांना इजेखालच्या शरीराला घामच येत नाही, म्हणून त्यांच्या अंगावर पाणी शिंपडत राहावे लागते. कृत्रिम पाय वापरणाऱ्याचे दुखणे नेमके उलटे असते : उरलेला पाय ज्या खोबणीत बसवतात त्या सॉकेटमध्ये घाम साठतो, आतले आवरण सरकू लागते आणि त्वचा सोलवटते.

आमच्याबरोबर येणारा एक तरुण दर अर्ध्या तासाने सावलीतल्या कातळावर बसतो, पाय उतरवतो, आवरण उलटे करून पंच्याने पुसतो आणि उरलेला पाय वाऱ्याला धरतो. पाच-सात मिनिटे आम्ही चिक्की खात थांबतो. मग तो पाय चढवतो, दोनदा आपटून पक्का बसल्याची खात्री करतो, आणि पहिल्या पायरीवर कृत्रिम पाय आधी खाली टाकतो; चढताना चांगला पाय पुढे, उतरताना दुसरा पुढे, हे त्याला व्यायामोपचारतज्ज्ञाने पहिल्याच दिवशी शिकवले होते.